घाट, फरशी आणि खारा वारा: कोकणात रोजच्या प्रवासासाठी हायब्रीड गाडी निवडताना

हायब्रीड गाडीबद्दल, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीबद्दल, नेटवर जे सल्ले वाचायला मिळतात त्यातले निम्मे थंड देशांतले असतात. बर्फ, हीटर, हिवाळी टायर. कोकणात त्यांचा काडीचा उपयोग नाही. डिसेंबर-जानेवारीत दापोली-मंडणगडकडे पहाटे हुडहुडी भरते खरी, पण बॅटरी कुरकुरावी इतकी ती थंडी नसते. इथं गाडीचा कस लागतो तो जूनपासून दसऱ्यापर्यंत. फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, वाहणारं पाणी, तांबडा चिखल, घाटाची लांब उतरण, खारी हवा आणि बॉनेटखाली बिऱ्हाड करणारे उंदीर या पाच गोष्टी आधी बघा आणि मायलेजचा आकडा सहावा ठेवा.

आधी स्वतःचा रस्ता बघा

शोरूममध्ये जाण्याआधी एक आठवडा रोजचा रस्ता वहीत लिहून काढा. एका दिशेचे किलोमीटर, त्यात चढ-उतार किती, सरळ हायवे किती, पावसात पाण्याखाली जाणाऱ्या फरश्या किंवा मोऱ्या किती. शेवटचा, मुख्य रस्त्यापासून घराच्या खळ्यापर्यंतचा (अंगणापर्यंतचा) तुकडा मात्र वेगळा लिहा. गाडी निवडताना निर्णय बहुधा त्या शेवटच्या दोनशे मीटरवरच होतो.

किनाऱ्याकडचे रस्ते हायब्रीडला मानवतात. खाडीवरच्या पुलावर उतरायचं, पुन्हा सड्यावर चढायचं, गावात शिरताना वेग कमी, एसटी थांबली की मागे थांबायचं. उतरताना किंवा ब्रेक लावताना मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरते, आणि उतरणीवर मिळालेली ही ऊर्जा पुढच्या चढावर लगेच वापरली जाते, बॅटरी भरून वाहत नाही आणि पूर्ण खालीही जात नाही. गुहागर-चिपळूण, देवगड-कणकवली किंवा रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडचा रस्ता हे सगळे या जातीचे. राष्ट्रीय महामार्ग 66 वर नव्वदच्या वेगानं एकसारखं जाणाऱ्याला मात्र फायदा बराच कमी. तिथं इंजिन सतत चालू, ब्रेक क्वचित, मग मोटरला परत मिळवायला उरतं काय?

एका दिशेला पाच-सहा किलोमीटरचाच प्रवास असेल तर हायब्रीड घेऊ नका, असंच आमचं मत. सकाळी थंड इंजिन गरम करण्यासाठी ते सुरुवातीची काही मिनिटं चालूच राहतं आणि ते बंद व्हायची वेळ येईपर्यंत तुम्ही ऑफिसच्या दारात असता. त्यात तेल नीट गरम न झाल्यानं पेट्रोलचा अंश आणि ओलावा तेलात साचत जातो.

माईल्ड की स्ट्राँग

जाहिरातीत दोघांनाही हायब्रीडच म्हणतात, म्हणून घोळ होतो. माईल्ड हायब्रीडमध्ये, म्हणजे ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल6 किंवा ग्रँड विटाराच्या साध्या प्रकारांत, स्टार्टर-जनरेटरचं काम करणारी एक छोटी मोटर पट्ट्यानं इंजिनाला जोडलेली असते. ती इंजिनाला थोडा हात देते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, पण गाडी एकटीनं चालवू शकत नाही. स्ट्राँग हायब्रीडमध्ये मोठी मोटर आणि वेगळी हाय व्होल्टेज बॅटरी असते, आणि कमी वेगात गाडी इंजिन बंद ठेवून चालते.

पावसाळ्यात या दोघांतला एक फरक रोज जाणवतो आणि तो ब्रोशरमध्ये सापडत नाही. माईल्डमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. फाटकात किंवा पुलावर गाडी थांबली, इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसरही थांबतो आणि ओल्या कपड्यांतली चार माणसं आत असली तर काच मिनिटभरात धुरकटते. स्ट्राँगमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही काच स्वच्छ राहते. माईल्ड घेतलीत तर आयडल-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणं) बंद करायचं बटण कुठं आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ते दरवेळी दाबावं लागतं.

ऑल व्हील ड्राइव्ह पाहिजे असेल तर मात्र गणित उलटं होतं. ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडरमध्ये चारही चाकांना ताकद मिळते ती माईल्ड इंजिनाच्या प्रकारात. स्ट्राँग हायब्रीड फक्त पुढच्या चाकांवर चालते. घराची वाट कच्ची, चढाची आणि मातीची असेल तर मायलेज सोडून माईल्ड ऑल व्हील ड्राइव्ह घेणं शहाणपणाचं.

बाजारात काय आहे

रोजच्या प्रवासाच्या आवाक्यातल्या स्ट्राँग हायब्रीड मोजक्याच आहेत. ग्रँड विटारा आणि हायरायडर या 2022 मध्ये आलेल्या जुळ्या बहिणी. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, मोटरसह मिळून सुमारे 115 अश्वशक्ती, जमिनीपासून उंची 210 मिलिमीटर आणि कागदावरचं मायलेज लिटरला 27.97 किलोमीटर. त्याच यंत्रणेवर सप्टेंबर 2025 मध्ये मारुतीची व्हिक्टोरिस आली, तिचं 28.65. होंडा सिटीची हायब्रीड आवृत्ती, सिटी ई:एचईव्ही, 2022 मध्ये आली तेव्हा तिचं मायलेज 26.5 सांगितलं होतं. यंत्रणा म्हणून ती उत्तम, चालवायला या सगळ्यांत शांत, पण जमिनीपासून फक्त 165 मिलिमीटर. पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं टाकल्यावर ती आणखी खाली बसते. ज्याचा रस्ता घरापासून ऑफिसपर्यंत डांबरी आहे त्यानंच तिच्याकडे बघावं. मोठ्या कुटुंबाला इनोव्हा हायक्रॉस आणि तिचीच मारुतीची आवृत्ती इन्व्हिक्टो, दोन्ही 23.24 च्या. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून डंपर आला की त्यांची रुंदी नडते. अशा वेळी मागे घेत घेत कुणाच्या तरी गडग्याला आरसा घासण्याची तयारी ठेवावी लागते.

डिकी उघडून बघाच. बॅटरी मागच्या बाजूला असल्यानं जागा कमी होते. ग्रँड विटाराची साधी आवृत्ती 373 लिटरची, स्ट्राँग हायब्रीडची 265 च्या आसपास. सिटीत 506 ची 306 होते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या न्यायच्या असतील तर शोरूममध्येच पेटीचं माप घेऊन जा. स्टेपनी कुठं आहे, पूर्ण रुंदीची की अरुंद, की नुसतं पंक्चर किट, हेही तिथंच बघा. रात्री फोंडा घाटात पंक्चर किटवर विसंबून राहणं बरं नव्हे.

घाटात काय होतं

हायब्रीडबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज घाटाचा. उतरताना फुकट चार्जिंग होतं, मग लांब घाट म्हणजे लांब चार्जिंग, असं वाटतं. हिशोब करून बघा. गाडी आणि माणसं मिळून 1,500 किलो धरा. ती 500 मीटर खाली उतरली की सुमारे 2 युनिट ऊर्जा मोकळी होते. टायर आणि वाऱ्याच्या विरोधात काही जाते, मोटरमधून बॅटरीत जाताना काही जाते, तरी पाऊण युनिटच्या आसपास उरते. ग्रँड विटारा-हायरायडरची अख्खी बॅटरी 0.76 युनिटची. तीही काठोकाठ भरू देत नाहीत आणि तळाला जाऊ देत नाहीत. मधला साधारण निम्मा भागच वापरात असतो. म्हणजे अर्धा घाट उतरेपर्यंत बॅटरी भरते. पुढच्या उतरणीत मोटर ऊर्जा घेत नाही आणि गाडी अडवायचं काम ब्रेकवर येऊन पडतं.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच गिअरचा दांडा बी वर (इंजिनाच्या ओढीनं वेग आवरायच्या जागेवर) घ्या. मग बॅटरी भरल्यावर मोटर बंद इंजिनाला नुसतं फिरवते आणि त्या ओढीनं वेग आवरतो. तेव्हा उतरणीवरही इंजिनाचा मोठा आवाज येतो आणि नवखा माणूस घाबरतो. पेट्रोल जळत नसतं, काही बिघडलेलं नसतं. होंडात हेच काम स्टिअरिंगमागच्या पॅडलनं ब्रेकिंगची पातळी वाढवून करायचं. न्यूट्रलवर घाट उतरायची सवय असेल तर ती सोडा. न्यूट्रलमध्ये ना चार्जिंग, ना इंजिनाची ओढ. ट्रॅफिकमध्ये उभं असतानाही गाडी डी मध्येच ठेवून ब्रेक दाबा. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि एसी तिलाच खात राहतो.

चढताना उलट अडचण. कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली चढताना पहिल्या काही वळणांत बॅटरी मदत करते, मग रिकामी होते आणि सगळा भार 92 अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरवर येतो. इंजिन ओरडतं, वेग मात्र सावकाश वाढतो. नेहमीच्या गाडीत दुसरा गिअर टाकून ट्रकला मागे टाकायचं, ते इथं त्याच हिशोबानं जमत नाही. ओव्हरटेकच्या आधी डॅशबोर्डवर बॅटरीच्या किती काड्या उरल्यात ते बघायची सवय लावून घ्या. दोनच असतील तर ट्रकच्या मागे राहिलेलं बरं. दररोज घाट चढून कोल्हापूर-कराडला जाणाऱ्यानं हायक्रॉसचं दोन लिटर इंजिन घ्यावं किंवा हायब्रीडचा नाद सोडावा.

पाणी

कोकणातल्या हायब्रीडला सर्वात मोठा धोका पाण्याचा, आणि लोक घाबरतात त्या कारणामुळे नाही. गाडी पाण्यात उभी राहिली म्हणून आजूबाजूच्या पाण्यात करंट उतरत नाही. हाय व्होल्टेजच्या नारिंगी तारा गाडीच्या सांगाड्यापासून पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि गळती जाणवली की यंत्रणा बॅटरी तोडते. खरा धोका इंजिनाला आहे. साध्या गाडीत आपण पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटर धरून, सायलेन्सरमधून सतत धूर सोडत पाणी ओलांडतो. स्ट्राँग हायब्रीडमध्ये इंजिन कधी चालू, कधी बंद हे गाडी ठरवते. हळू जाताना ते बंदच असतं, सायलेन्सरमध्ये दाब नसतो, पाणी आत चढतं. मध्यावर आल्यावर बॅटरी कमी पडली की इंजिन आपोआप सुरू होतं. त्या क्षणी हवेच्या नळीच्या तोंडाशी पाणी असेल तर ते सिलिंडरमध्ये ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

म्हणून शोरूममध्ये बॉनेट उघडायला लावा. एअर फिल्टरच्या डब्यापासून पुढे जाणारी काळी प्लास्टिकची नळी हातानं चाचपत तिचं तोंड शोधा आणि टेपनं जमिनीपासूनची उंची मोजा. सेल्समन चकित होईल, होऊ द्या. मॉडेलच्या नावापेक्षा हा आकडा तुमच्या जास्त कामाचा. त्याच्या निम्म्याच्या वर पाण्यात गाडी घालायची नाही, कारण पुढून लाट उठते आणि समोरून एसटी आली तर ती दुप्पट होते.

रस्त्यावर वापरायचं माप सोपं आहे. 215/60 आर17 टायरची उंची 69 सेंटिमीटर, म्हणजे चाकाचा मध्य साडेचौतीस सेंटिमीटरवर. गाडीचा तळ मात्र 21 वरच. उभं, संथ पाणी 20-25 सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे प्रौढ माणसाच्या नडगीच्या मध्यापर्यंत, इतकंच चालेल. वाहतं पाणी असेल तर हे माप सोडा. गाडीचा तळ पाण्याला टेकला की ती हलकी होते, आणि 30 सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाडी कडेला सरकवायला पुरतं. फरशीच्या कडेचे दगड दिसेनासे झाले असतील तर तिथंच थांबा. व्हाळाचं पाणी जसं चढतं तसं पाऊस ओसरल्यावर उतरतंही. खाडीजवळच्या फरशीवर मात्र भरतीचं वेळापत्रक बघा. पाऊस थांबला तरी भरतीच्या वेळी पाणी उतरत नाही.

ओलांडायचंच असेल तर आत शिरण्याआधी एसी बंद करा, कारण तो बॅटरी खातो आणि इंजिन जागं करतो. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असू द्या. चालण्याच्या वेगानं, न थांबता, पुढचं वाहन पूर्ण पलीकडे गेल्यावरच जा. बाहेर आल्यावर ब्रेक चार-पाच वेळा जरा जोरात दाबा. हलक्या दाबाला मोटरच गाडी अडवते, डिस्कला पॅड टेकत नाही आणि ती ओलीच राहते.

पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टचं बटण पुन्हा दाबायचं नाही. या एका चुकीनं दुरुस्तीचं बिल हजारांतून लाखांत जातं आणि विमा कंपनीही हात वर करते. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण पाण्यात इंजिन पुन्हा फिरवून झालेलं नुकसान येत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पॉलिसी घेताना त्यात हाय व्होल्टेज बॅटरी, मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरी आणि मोटर यांच्यातली वीज सांभाळणारा भाग) धरलेत का हे लेखी विचारा. ओढून न्यायची वेळ आली तर पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर चढवून. पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटरही फिरते, वीज तयार होते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. गावातला ट्रॅक्टर दोर लावून बाहेर काढेल तेवढंच, चिखलातून डांबरापर्यंत, न्यूट्रलमध्ये, माणसाच्या चालीनं. त्यापुढे नाही.

घाटी, चिखल आणि रिव्हर्स

टेस्ट ड्राइव्ह शोरूमबाहेरच्या चौपदरी रस्त्यावर घेऊन काही कळत नाही. गाडी घरी आणायला सांगा. लांब असेल तर गावातली तशीच एखादी घाटी दाखवा. घराकडे चढणारी सिमेंटची वाट, पावसात वर शेवाळ, कडेला जांभ्याचा गडगा, हे खरं परीक्षेचं ठिकाण. गाडीत चार माणसं बसवा, मध्यावर थांबा, आणि पुन्हा चढवून बघा. मोटर पहिल्या क्षणालाच पूर्ण जोर देते, शेवाळावर चाक फिरतं, ट्रॅक्शन कंट्रोल लगेच ताकद काढून घेतो आणि गाडी जागच्या जागी राहते. पायाचा दाब केसाएवढा वाढवत चढली तर ठीक.

मग तीच घाटी रिव्हर्समध्ये चढवा. टोयोटाच्या यंत्रणेत, म्हणजे हायरायडर, ग्रँड विटारा, व्हिक्टोरिसमध्येही, रिव्हर्स गिअर असा नसतोच. मोटर उलटी फिरते आणि इंजिनाचा जोर मागच्या दिशेला मिळत नाही. बॅटरी कमी असताना, गाडी भरलेली असताना, उभ्या चढावर रिव्हर्स घेताना ती दमते. कोकणात निम्म्या घरांपुढे गाडी वळवायला जागा नसते, एक वेळ तरी मागे चढवावीच लागते. हे आधी कळलेलं बरं. वळायला खालचा सपाट तुकडा असेल तर खाली वळवून पुढच्या तोंडानं चढा. होंडातही मागे मोटरच नेते, पण तिचं इंजिन मोटरला वीज पुरवत राहू शकतं, त्यामुळे ती तुलनेनं कमी दमते.

टायर बघताना एक लक्षात घ्या: हायब्रीडला मायलेजसाठी कमी घर्षणाचे टायर दिलेले असतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड सगळ्यांची सारखी नसते. पहिला जोड झिजल्यावर ओल्या रस्त्याची पकड बघून टायर घ्या, लिटरमागे एखादा किलोमीटर गेला तरी चालेल. कायद्यानं खाच 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, पण मेअखेरीस 3 च्या खाली असेल तर जूनची वाट बघू नका.

आणखी एक. पावसात गुरं रात्री डांबरावर येऊन बसतात, कारण तेवढीच कोरडी-उबदार जागा. विजेवर चालणारी गाडी त्यांना सहज ऐकू येत नाही. वाडीतून जाताना हलका हॉर्न आणि डिपर.

उंदीर आणि खारी हवा

भातकापणीनंतर शेतातले उंदीर घराकडे येतात, आणि पावसात घुशी. बंद गाडीचं गरम बॉनेट त्यांना आयतंच. साध्या गाडीची कुरतडलेली तार इलेक्ट्रिशियन जोडून देतो. हायब्रीडची नारिंगी तार तशी जोडता येत नाही, वरचं आवरण कुरतडलं तरी अख्खी बदलावी लागते. गोठा, मांगर आणि भाताची उडवी यांच्यापासून गाडी दूर लावा, खाली कणीक-कोंडा सांडू देऊ नका, आणि चार-आठ दिवसांनी बॉनेट उघडून नारळाचं सोडण, पालापाचोळा, लेंड्या दिसतात का बघा. तंबाखूची पानं लटकवणारे बरेच आहेत. आठवडाभर वास टिकतो तोवर थोडा उपयोग, पुढे उंदीर त्यावरच बसतो. खालून बारीक स्टीलची जाळी बसवणं सर्वात पक्कं, पण ती अधिकृत वर्कशॉपमध्येच, नारिंगी तारा आणि कूलंटच्या नळ्या मोकळ्या ठेवून.

तारांइतकंच बॅटरीच्या पंख्याकडे लक्ष द्या. बहुतेक गाड्यांत बॅटरीला हवा आतून, मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून जाते. तिथं ओले टॉवेल, पिशव्या टाकल्या की मे महिन्याच्या उन्हात बॅटरी तापते आणि मोटर हात आखडता घेते. तांबडी धूळ बसली की तेच. जाळी कुठं आहे ते मॅन्युअलमध्ये बघून महिन्यातून एकदा साफ करा.

किनाऱ्यापासून पाच-सात किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी ब्रेकची काळजी जास्त घ्यायची. हायब्रीडचे ब्रेक कमी वापरले जातात, ही जाहिरातीतली चांगली गोष्ट. मालवण-हर्णैच्या हवेत तीच वाईट ठरते. पॅड वर्षानुवर्षं टिकतात, पण डिस्कवर गंज चढतो, कॅलिपरच्या पिना अडकतात, आणि एक चाक कायम घासत राहतं. त्यात मासळीच्या गाड्यांतून गळणारं खारं पाणी रस्त्यावर असतंच. आठवड्यातून एकदा मोकळ्या सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगातून दहापर्यंत चार-पाच वेळा जोरात ब्रेक लावा. वर्षातून एकदा, पावसानंतर, पिना काढून ग्रीस करून घ्या. अंडरकोटिंग करताना नारिंगी तारा, त्यांचे कनेक्टर आणि सायलेन्सर यांवर फवारा जाता कामा नये, हे कामगाराला उभं राहून सांगा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत रोजचं जाणं असेल तर गाडी चढवल्यावर पूर्ण बंद करा. डॅशबोर्डवरचा रेडी दिवा (गाडी चालू असल्याची खूण) तसाच ठेवून उतरलात तर इंजिन मध्येच आपोआप सुरू होईल. घरी आल्यावर साध्या पाण्यानं तळ धुवा.

बारा व्होल्टची बॅटरी

मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी गाडी जागी करते ती छोटी, 12 व्होल्टची. ती उतरली की गाडी मुकी. चाकरमानी मंडळी गणपतीला गाडी गावी आणून पुढे महिनाभर खळ्यात ठेवून मुंबईला जातात, त्यांची हीच तक्रार. घरच्या कुणाला तरी शिकवून ठेवा: आठवड्यातून एकदा ब्रेक दाबून स्टार्ट करायचं, डॅशबोर्डवर रेडी दिसलं पाहिजे, आणि अर्धा-पाऊण तास तशीच चालू ठेवायची. नुसतं स्टार्टचं बटण ब्रेक न दाबता दाबलं तर दिवे लागतात पण चार्जिंग होत नाही, उलट बॅटरी आणखी उतरते. दुसऱ्या गाडीवरून हिला जंप देता येतो, पण हिच्यावरून ट्रॅक्टरला किंवा टेम्पोला जंप देऊ नका.

पैशांचा हिशोब

समजा साधी पेट्रोल ऑटोमॅटिक 15 देते आणि हायब्रीड कोकणातल्या रस्त्यावर 22, आणि पेट्रोल 105 रुपये. वर्षाला 12,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे साधारण 255 लिटर वाचतात, म्हणजे 26,700 रुपयांच्या आसपास. किमतीतला फरक अडीच लाख असेल तर तो फिटायला नऊ वर्षं. वर्षाला 30,000 किलोमीटर असतील तर 636 लिटर, जवळपास 66,800 रुपये, आणि पावणेचार वर्षांत फरक वसूल. तुमच्या शोरूमचे भाव टाकून हेच गणित परत करा. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदललेत, त्यामुळे त्याआधीच्या किंमत-तुलना विसरा. सीएनजी याहून स्वस्त पडेल, पण गणपतीत आणि मे महिन्यात पंपावरच्या रांगा आठवा.

टोयोटा, मारुती आणि होंडा तिन्ही कंपन्या हायब्रीड बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देतात. सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा आणि बिलं जपा. तेल मॅन्युअलमध्ये असेल तेच घाला, बहुधा 0डब्ल्यू-16 किंवा 0डब्ल्यू-20. नाक्यावरच्या गॅरेजमध्ये मिळणारं जाड तेल या इंजिनाला चालत नाही. किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदला. इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी वेगळी असते, तिची पातळीही बघा. आणि गाडी घेण्याआधी जवळच्या वर्कशॉपला फोन करून विचारा की हायब्रीडचं काम शिकलेला माणूस तुमच्याकडेच आहे, की गाडी कोल्हापूर किंवा पणजीला पाठवता? उत्तरावर बरंच ठरेल.

जुनी हायब्रीड घेत असाल तर पूर आधी शोधा. चिपळूण, महाड, खेड, राजापूर, बांदा या भागातली गाडी असेल तर सीट पुढे सरकवून तिच्या रुळांवरचा गंज बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का बघा, डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात तांबडा गाळ आहे का बोटानं चाचपा. मग नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास आणि बॅटरीच्या तपासणीचा अहवाल काढा. मालक अहवाल काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.